पदार्थ नवा, प्रसंग जुना : मुलांना अनोळखी चवींची ओळख करून देणाऱ्या घरच्या रीती

आमच्या इंदूरच्या घरात एकच भाजी दोन नावांनी वावरते. स्वयंपाकघरात मी तिला घोसाळे म्हणते आणि दारावर येणारा भाजीवाला तिला गिलकी म्हणतो. गेल्या श्रावणात माझ्या चार वर्षांच्या नातवाने पानातले घोसाळे बोटाने कडेला सारले आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या मालवी काकूंच्या ओट्यावर बसून गिलकीची पाच भजी खाल्ली. घरी आल्यावर त्याने मलाच विचारले, “आजी, तू गिलकी का करत नाहीस?”

भजी तळलेली होती, हे खरेच आहे, आणि तळलेल्या पदार्थाशी पातळ भाजीची बरोबरी होऊ शकत नाही. तरीही पाऊस, ओटा, चार मुलांचा घोळका आणि कढईतून थेट हातात येणारे भजे हा सगळा प्रसंग त्याच्या चांगला ओळखीचा होता, त्यामुळे त्यात नवे काय आहे याकडे त्याचे लक्षच गेले नाही. मुलाला अनोळखी पदार्थ द्यायचा असेल, तर तो देण्याची वेळ, जागा आणि पद्धत त्याच्या पूर्ण परिचयाची असली पाहिजे, असे मला अनुभवाने वाटते. आपल्या मराठी घरांत अशा ठरलेल्या वेळा आणि पद्धती मुबलक आहेत. त्यांचा क्रमाक्रमाने उपयोग कसा करावा, हे पुढे सांगितले आहे.

मूल नाही का म्हणते

दीड वर्षापर्यंतचे बाळ जे समोर येईल ते तोंडात घालते. त्यानंतर, साधारणपणे २ ते ६ वर्षांच्या काळात, नव्या अन्नाविषयीचा संशय सर्वांत तीव्र असतो. हे मूल स्वतःच्या पायांनी फिरू लागलेले असते, आणि कोणीही पाहत नसताना भलतेच काही तोंडात जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय असावी, असे मानले जाते. त्यातून कडू चव लहान मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक झोंबते. म्हणजे मेथीची भाजी बाजूला सारणारे मूल हट्टीच असेल असे नाही. त्याला ती आपल्यापेक्षा खरोखरच जास्त कडू लागत असते.

हा संशय पुन्हापुन्हा चाखण्याने ओसरतो. अमेरिकेतील संशोधिका लीॲन बर्च यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी चीज आणि फळे २ पासून २० वेळांपर्यंत चाखायला दिली, आणि जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला गेला तितका तो जास्त आवडू लागला. व्यवहारात ८ ते १५ वेळा हा अंदाज धरून चालावे. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच “याला हे आवडत नाही” असा निकाल दिला जातो, ही अडचणीची गोष्ट आहे. पदार्थ नुसता दिसत राहिल्याने त्याची चव आवडू लागत नाही. कणभर का होईना, तो जिभेला लागावा लागतो.

आग्रहाने मात्र काम बिघडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या मुलांना “सूप संपव” असे सांगितले जात होते त्यांनी ते कमी घेतले आणि त्याविषयी कुरकुरही जास्त केली. “भाजी खाल्लीस तर श्रीखंड मिळेल” या आमिषाने श्रीखंडाची किंमत वाढते आणि भाजी ही भोगण्याची शिक्षा ठरते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते: काय, केव्हा आणि कोठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने ठरवावे.

पहिली पायरी : आठ दिवसांची वही

नवे काही सुरू करण्यापूर्वी आठ दिवस मूल काय खाते ते एका वहीत लिहून ठेवावे. पदार्थाच्या नावापुढे त्याचे रूपही लिहावे, कारण बहुतेक वेळा नकार चवीला नसून स्पर्शाला असतो. माझ्या नातवाच्या वहीत मटार, कुरकुरीत भेंडी, काकडी आणि पापड एका बाजूला आले, तर दुधी, घोसाळे, वांगे आणि अळूचे फदफदे दुसऱ्या बाजूला. त्याला बुळबुळीत काहीच नको होते. एवढे कळल्यावर पहिला नवा पदार्थ कुरकुरीत हवा, हे आपोआप ठरले.

याच वहीत जेवणांच्या मध्ये काय खाल्ले जाते तेही नोंदवावे. इंदुरी घरात शेवेचा डबा रिकामा असणे अशुभ मानतात की काय, अशी मला कधीकधी शंका येते. येता-जाता त्यात हात जात असेल आणि मध्येच दुधाचा पेलाही होत असेल, तर जेवणाच्या वेळी मुलाला भूकच नसते. दोन खाण्यांमध्ये किमान दोन-अडीच तासांचे अंतर ठेवावे. हे साधले नाही, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या व्यर्थ आहेत.

दुसरी पायरी : पानाची डावी बाजू

आपल्या पारंपरिक पानात मिठाच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे वाढतात, तर उजवीकडे भाजी आणि आमटी. डावीकडचे सगळे चाखण्यापुरतेच असते, आणि त्याने पोट भरावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. नव्या पदार्थासाठी याहून चांगली जागा नाही.

आमच्या घरी ही रीत अशी चालते. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, रात्रीच्या जेवणात, प्रत्येकाच्या पानात डावीकडे नवा पदार्थ वाढला जातो. त्याचे प्रमाण चिमूटभर, फार तर करंगळीच्या पेराएवढे असते. पानातले बाकी सर्व पदार्थ मुलाच्या ओळखीचे असतात आणि त्यांपैकी निदान दोन त्याच्या आवडीचे असतात. पदार्थ घरातल्या सर्वांना वाढायचा, फक्त मुलाला नव्हे. आजोबांनी “मला नको” म्हणायचे आणि नातवाला शहाणपण शिकवायचे, हे चालत नाही. आमच्याकडे ही अडचण खरोखरच आली होती आणि आजोबांना पडवळ खावे लागले.

पानाशेजारी एक रिकामी वाटी ठेवावी. तोंडात घातलेले आवडले नाही तर ते त्या वाटीत काढून ठेवण्याची मुभा सर्वांना असते. पहिल्यांदा हे किळसवाणे वाटेल, परंतु बाहेर काढता येते हे ठाऊक असलेले मूल तोंडात घालायला धजावते. आमच्या नातीने पहिल्या महिन्यात वाटीचा उपयोग सात वेळा केला. पुढे ती वाटी मांडायचेच आम्ही विसरू लागलो.

तोच पदार्थ पहिले तीन-चार वेळा त्याच रूपात द्यावा आणि मग रूप बदलावे. मुळा कोशिंबिरीत तीनदा आला की नंतर पराठ्यात किंवा मुळ्याच्या पाल्याच्या पीठ पेरलेल्या भाजीत यावा. पदार्थ लपवून मात्र देऊ नये. लाल भोपळा किसून पुऱ्यांत घालणे गैर नाही, घारगे तसेच होतात. परंतु विचारल्यावर “त्यात काही नाही” असे सांगणे गैर आहे. एकदा फसवणूक लक्षात आली की मूल पुढचे सहा महिने पुऱ्यादेखील उलगडून पाहते.

बोलण्याविषयी एकच नियम पुरे. “छान” आणि “घाण” हे दोन शब्द पानावर वापरायचे नाहीत. आंबट, तुरट, करकरीत, बुळबुळीत, जीभ चरचरते, नाकात जाते, असे काहीही म्हणता येते. मुलांना या शब्दांची गोडी लवकर लागते आणि नकार द्यायचा असला तरी तो विचार करून द्यावा लागतो.

तिसरी पायरी : शनिवारची खिरापत

भोंडल्याची गंमत ज्यांनी लहानपणी अनुभवली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. नवरात्रात पाटावर हत्ती काढून, फेर धरून गाणी म्हणून झाली की झाकलेला डबा पुढे येतो आणि आतली खिरापत ओळखायची असते. कोणालाही ओळखता येऊ नये म्हणून प्रत्येक आई काहीतरी आडवळणाचे करते, आणि न ओळखलेल्या पदार्थाचे कौतुक सर्वांत जास्त होते. एरवी ज्या अनोळखीपणाची मुलांना भीती वाटते, त्याचेच येथे बक्षीस होते. इंदूरच्या मराठी वस्त्यांत भोंडला आजही होतो, परंतु वर्षातून थोडेच दिवस. आम्ही त्यातली खिरापत उचलली आणि तिला शनिवारी संध्याकाळी पाचची वेळ दिली.

कृती साधी आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा. मुलांनी तो आधी हलवून आवाज ऐकावा, मग डोळे मिटून वास घ्यावा, मग “जमिनीच्या वर की खाली?”, “सोलावे लागते का?”, “दाताखाली आवाज येतो का?” असे पाच प्रश्न विचारावेत आणि शेवटी ओळखावे. ओळखले की डबा उघडतो, आणि न ओळखले तरीही उघडतो. प्रत्येकाला एक घास मिळतो. खायलाच हवे अशी अट नाही. परंतु पाच मिनिटे वास घेऊन तर्क लढवलेल्या पदार्थाचा तुकडा कोणी सहसा नाकारत नाही.

माझी पहिली खिरापत फसली, हे येथे कबूल करते. उत्साहाच्या भरात मी परतलेली चाकवताची भाजी डब्यात भरली. पालेभाजीचा आवाज होत नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मुलांनी डबा तीनदा हलवला आणि “आजी, हा रिकामा आहे” असे जाहीर केले. झाकण उघडल्यावर हिरवा गोळा पाहून दोघांचेही चेहरे उतरले. त्यामुळे पहिल्या चार-पाच खिरापती खुळखुळणाऱ्या, कोरड्या आणि किंचित गोडसर किंवा खारट ठेवाव्यात. मुळ्याच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, हिवाळ्यात उत्तम. येथे त्या मोगरी या नावाने मिळतात. उकडून सोललेले शिंगाडे, भाजलेले मखाणे, (मुले पाच वर्षांपुढची असतील तर) ज्वारीच्या लाह्या, कमरखाच्या चांदणीसारख्या चकत्या हेही चालते. मुलांचा विश्वास बसला की मग कडू, तुरट आणि मऊ पदार्थांकडे वळावे.

महिन्यातून एकदा खिरापत मुलांनी ठरवावी आणि मोठ्यांनी ओळखावी. नातीने एकदा डब्यात कच्च्या बटाट्याचे तुकडे ठेवून आम्हा सर्वांना चकवले. ते कोणी खाल्ले नाहीत, एवढेच.

चौथी पायरी : सणांना कामाला लावणे

आपल्या सणांत वर्षातून एकदाच पानात येणाऱ्या चवी पुष्कळ आहेत. प्रत्येक सणाला एक चव नेमून दिली की वर्षाचे वेळापत्रक आपोआप तयार होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटे, ओले हरभरे, बोरे, उसाचे करवे आणि तिळाचे कूट एकत्र येते, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. एवढे जिन्नस पाहून लहान मूल गांगरते. म्हणून भाजी वाढण्यापूर्वी सर्व जिन्नस कच्चेच ताटात मांडावेत, मुलाने ते मोजावेत आणि शिजलेल्या भाजीत ते शोधून काढावेत. ऋषिपंचमीच्या भाजीलाही हीच युक्ती लागू पडते. फक्त ती भाजी मऊ असल्याने त्यातला मक्याच्या कणसाचा तुकडा आधी हातात द्यावा. आमच्याकडे कणसापासून सुरू झालेला प्रवास दोन वर्षांनी सुरणापर्यंत पोचला, अळूला अजून अवकाश आहे.

बोरन्हाणात तर मूल स्वतः जमिनीवरून उचलून खाते. कोणी भरवत नाही, कोणी आग्रह करत नाही आणि शेजारची मुले लुटून नेतील या घाईत चव पारखायला वेळच नसतो.

गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, भिजवलेली चण्याची डाळ, ओवा, हिंग आणि मीठ यांची चटणी आपण कणभर खातो. त्याच दिवशी आम्ही सहा वाट्या मांडतो: गूळ, चिंच, मीठ, मिरपूड, कडुनिंब आणि आवळा. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट अशा षड्रसांची ती तोंडओळख असते. मोठ्या मुलांना येथे एक गंमत सांगता येते: आयुर्वेदातील ‘कटू’ म्हणजे आपले तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे आपले कडू. आवळा खाऊन वर पाणी प्यायले की ते गोड लागते, हा प्रयोग आमच्या घरात इतक्या वेळा झाला की आवळ्याच्या तुरटपणाची तक्रारच उरली नाही.

चातुर्मासात कांदा आणि वांगे वर्ज्य असणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगे होतात. खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत असल्याने इंदूरच्या मराठी घरांना हा दिवस परका नाही. चार महिने न दिसलेली वस्तू वाजतगाजत परत आली की मुलांना तिचे महत्त्व वाटते. वांगे गॅसवर भाजताना त्याची साल कशी फुटते आणि रस कसा चरचरतो, हे मुलाला सुरक्षित अंतरावरून पाहू द्यावे. भरिताच्या करपट वासाशी त्याची ओळख तेथेच होते.

पाचवी पायरी : मंडई आणि सराफा

महिन्यातून एकदा मुलाला भाजी घ्यायला न्यावे, हातात वीस रुपये द्यावेत आणि घरात सहसा न येणारी एक भाजी त्याने निवडावी. चोइथराम मंडीत पहाटेची घाऊक उलाढाल पाहण्यासारखी असते, पण लहान मुलासाठी मोहल्ल्यातला आठवडी हाट अधिक बरा. आणलेल्या भाजीची दोन्ही नावे वहीत लिहावीत: दोडका आणि तुरई, दुधी आणि लौकी, शेवगा आणि सुरजना. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला नावच परके वाटते, हे मी घोसाळ्यावरून शिकले.

पावसाळ्याच्या अखेरीस रतलामकडची बालम ककडी येते. भली जाड, आत केशरी छटा असलेली ही काकडी ओळखीच्या काकडीची थोरली बहीण म्हणून सहज खपते. हिवाळ्यात गराडू येतात. हा कोनफळाच्या जातीचा कंद आहे. सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, तेथे साडेआठ-नऊच्या सुमारास, गर्दी दाटण्यापूर्वी मुलांना न्यावे आणि तळलेल्या गराडूची एक प्लेट चौघांत घ्यावी. दुसऱ्या दिवशी कच्चा गराडू घरी आणून त्याची खडबडीत, मातकट साल मुलाला हाताळू द्यावी. चिरणाऱ्याने हाताला तेल लावावे, कारण त्याने खाज सुटू शकते. तो कच्चा कधीही खाऊ नये. तुकडे तळून बाजूला ठेवावेत आणि वाढण्यापूर्वी पुन्हा तळून त्यावर जीरावन हा इंदुरी चटपटीत मसाला भुरभुरावा आणि लिंबू पिळावे.

पोह्यांवरचे जीरावन हे येथील मुलांच्या जिभेवर लहानपणापासून बसलेले असते. नव्या कंदावर किंवा उकडलेल्या रताळ्यावर त्याची चिमूट पडली की परकेपणा निम्मा होतो. चिमूटच घालावी, त्यात मीठ आणि तिखट भरपूर असते.

सहावी पायरी : वाटी रिकामी परत करू नये

शेतातले किंवा घरचे नवे काही आले की शेजारी वानवळा पाठवायचा आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही जुनी रीत आहे. इंदुरात एका मजल्यावर सिंधी, मालवी, गुजराती आणि मराठी घरे नांदतात, म्हणून तिचा लाभ मोठा आहे. वाटी नेण्या-आणण्याचे काम मुलाकडे द्यावे आणि आत काय आहे ते त्याने विचारून यावे. सिंधी कढी, दाल-पकवान, बाफले, हांडवो हे पदार्थ आमच्या मुलांनी अशाच वाट्यांतून ओळखीचे करून घेतले. स्वतः आणलेल्या वाटीविषयी मूल अधिकाराने बोलते, आणि काकूंनी “आवडले का?” असे विचारले तर उत्तर देता यावे म्हणून निदान एक घास घेतेच.

काळजी कोठे घ्यावी

वरचे अन्न ६ महिने पूर्ण झाल्यावर सुरू होते. उष्टावण त्याच सुमारास असते. एक वर्षापर्यंत मध अजिबात देऊ नये, उष्टावणाच्या चाटणातही नाही. पाच वर्षांच्या आतील मुलाला अख्खे शेंगदाणे, बदाम, फुटाणे किंवा लाह्या देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षे उभी चिरावीत. बोरन्हाणातली बोरे बी काढून द्यावीत आणि उसाचे तुकडे चघळताना शेजारी बसावे. अंडी, मासे, दाणे, तीळ असे पदार्थ पहिल्यांदा देताना एका वेळी एकच आणि दिवसा द्यावा, म्हणजे अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा उलटी झाली तर लगेच डॉक्टरांकडे नेता येते. मुलाच्या आवडत्या पदार्थांची यादी वाढण्याऐवजी घटत चालली असेल, वजन वाढत नसेल किंवा घास गिळताना ठसका लागत असेल, तर ते सवयीचे काम नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पाहुण्यांसमोर “हा काहीच खात नाही” असे बोलणे मात्र घरातल्या सर्वांनी बंद करावे. मूल ते ऐकते आणि तसेच वागते.

केव्हा थांबावे

वहीत प्रत्येक पदार्थाला एक पान द्यावे आणि जिभेला लागले की एक रेघ ओढावी. पंधरा रेघा होऊनही मूल तोंड फिरवत असेल, तर ते पान त्या हंगामापुरते मिटावे आणि पुढच्या वर्षी वेगळ्या रूपात उघडावे. आमच्या नातवाच्या वहीत आज सत्तावीस पाने आहेत आणि त्यांपैकी एकोणीस पदार्थ तो न सांगता खातो. घोसाळ्याच्या पानावर अकरा रेघा आहेत. गिलकीचे पान त्याने वेगळे ठेवायला लावले आहे, आणि ते मी तसेच ठेवले आहे.